चुकीच्या नावाचं प्रोटीन

"मॅडम, माझे हातच खराब आहेत," असं म्हणत रुबीनानं काचेची पेट्री प्लेट माझ्या टेबलावर ठेवली आणि रडायलाच लागली.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या बायोटेक विभागात बायोइन्फर्मॅटिक्स शिकवते. म्हणजे जीन्सची नि प्रोटीन्सची अक्षरं कॉम्प्युटरवर एकमेकांशी ताडून बघायची. रुबीना आमची पीएचडीची विद्यार्थिनी, इचलकरंजीची. तिची आई घरी कांड्या भरते, मागाला लागणारं सूत गुंडाळते. आईचीच सफाई पोरीच्या हातात उतरली होती. ती हाताला दोष देतेय म्हटल्यावर मला तर रागच आला.

"आधी डोळे पूस. मग काय झालं ते सांग."

झालं होतं असं. उसाच्या मुळाशी राहणारा एक बॅक्टेरिया आणि त्याच्या आवरणातलं एक प्रोटीन, हा रुबीनाचा विषय. हे प्रोटीन दाराचं काम करतं, बाहेरचं अमिनो अ‍ॅसिड आत घेतं. अशा प्रोटीनला आम्ही ट्रान्सपोर्टर म्हणतो. अमिनो अ‍ॅसिडं बरीच, त्यांची दारंही वेगवेगळी. कॉम्प्युटरनं या दाराला 'लायसिन ट्रान्सपोर्टर' असं नाव दिलं होतं. लायसिन हे त्यातलंच एक अमिनो अ‍ॅसिड. नाव खरं का खोटं हे बघायला रुबीनानं मुद्दाम अधू केलेला एक बॅक्टेरिया घेतला. त्याला लायसिन बनवता येत नाही आणि बाहेरचं थोडंसं असलं तर आत घेताही येत नाही. त्यात तिनं या दाराचा जीन घातला आणि थोडंसंच लायसिन असलेल्या प्लेटवर तो लावला. दार लायसिनचं असेल तर बिचारा वाढणार, प्लेटवर ठिपके दिसणार. किती प्लेटा झाल्या, पण ठिपका म्हणून नाही.

तेवढ्यात तिचे गाइड पाटील सर आत आले. मनानं चांगला माणूस, पण आवाज असा की कुजबुजले तरी खालच्या मजल्यावर कळतं.

"मॅडम, हिला समजवा की जरा. सगळा डेटाबेस लायसिन म्हणतोय आणि हिची प्लेट न्हाय म्हणतीया."

"डेटाबेस चुकत नसेल कशावरून, सर?"

"एवढ्या ठिकाणी एकच नाव हाय! सगळीच येडी व्हय? पुढच्या महिन्यात पीएचडीचं काम तपासायला कमिटी हाय. तिथं काय रिकामी प्लेट दाखवायची? तोवर जमलं तर ठीक, न्हायतर विषय बदलायचा."

विषय बदलायचा म्हणजे आतापर्यंतचं सगळं काम पाण्यात. आणि लॅबमध्ये एकदा 'हिचा हात चालत नाही' असं नाव पडलं की ते सहज पुसत नाही. मी रुबीनाला खुर्ची ओढून शेजारी बसवलं.

आमच्या धंद्यात प्रोटीनला नाव कसं पडतं ते सांगते. प्रोटीन म्हणजे अक्षरांची लांबलचक ओळ, एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो अ‍ॅसिड. नवी ओळ डेटाबेसला द्यायची. सगळ्यात जास्त जुळणारी जुनी ओळ तो काढून देतो, आणि तिचं नाव नवीला चिकटतं. हे सगळं बहुतेक मशीनच करतं. जुनीला नाव कुठून मिळालं, हे सहसा कोणी बघत नाही. शिवाजी पेठेत पत्ता विचारला की पाच जण एकाच गल्लीकडे हात करतात, आणि पाचांनाही ती एकानंच सांगितलेली असते. तसलाच प्रकार.

आम्ही माग काढत मागं मागं गेलो. एका प्रोटीनचं नाव दुसऱ्यावरून उचललेलं, दुसऱ्याचं तिसऱ्यावरून. शेवटच्या नावाचा डेटाबेसमधला रेकॉर्ड निघाला आमच्याच विभागातून गेलेला, खाली देणाऱ्याचं नाव. रुबीना एकदम ताठ बसली.

"या अल्ला! मॅडम, हे तर आपल्या सरांनी दिलंय!"

"गप्प बस. आधी पुढचं बघू."

सरांनी त्या प्रोटीनची लॅबमध्ये परीक्षा कधी घेतलीच नव्हती. खरोखर तपासलेल्या एका लायसिन ट्रान्सपोर्टरशी त्याची जेमतेम तिसरा हिस्सा अक्षरं जुळत होती. एवढ्यावरून दोघं एका खानदानातले म्हणता येतील, पण दोघांचं काम एकच असं नाही म्हणता येत.

मग मी उधारीच्या नावांची सगळी प्रोटीन्स बाजूला काढली. ज्यांची कोणीतरी लॅबमध्ये खात्री केली होती तेवढीच ठेवली आणि त्यांच्या ओळी एकाखाली एक लावल्या. लायसिनवर धन विद्युतभार असतो. त्याला धरायला खऱ्या लायसिनच्या दारात ऋण भाराचं अक्षर असतं. आमच्या प्रोटीनमध्ये त्या जागी बिनभाराचं, बारकं अक्षर. लायसिन तिथं टिकणार कसं, कपाळ! तपासलेल्यांत जवळचे निघाले ते सगळे प्रोलिन या दुसऱ्याच अमिनो अ‍ॅसिडचे ट्रान्सपोर्टर. त्यांच्यात त्या जागी आमच्यासारखंच अक्षर होतं.

"रुबीना, याला लायसिन नकोच आहे गं. प्रोलिन घालून बघ."

नशिबानं प्रोलिनसाठी अधू केलेला बॅक्टेरिया फ्रीझरमध्ये होता. रुबीनानं त्यात जीन घातला. प्लेटच्या अर्ध्या भागात जीन घातलेला, अर्ध्या भागात बिनजीनचा, असे दोन्ही लावले. प्लेट बाहेर काढली तेव्हा बिनजीनची बाजू कोरी आणि जीनच्या बाजूला ठिपकेच ठिपके. पोरगी तशीच उठली. फोन घेऊन बाहेर गेली.

"अम्मी, मेरा हात खराब नै था."

"मैं बोली थी ना!" पलीकडचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

आता राहिले सर. आरडाओरडा होणार म्हणून मी कंबर कसूनच रेकॉर्ड त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"आयला! ह्यो मीच व्हय?"

"तुम्हीच."

"आणि बाकीच्यांनी माझं बघून लिवलंय?"

"हो."

ते मोठ्यांदा हसले. मग रुबीनाकडे बघून त्यांचं हसणं थांबलं. "म्हंजे एवढे दिवस मी तुला माझ्याच चुकीपायी छळलं की गं."

कमिटीत एकानं विचारलंच, "डेटाबेसमध्ये तर लायसिन आहे?" रुबीना तोंड उघडायच्या आत सर उभे राहिले. "ते नाव मी ठेवलंय. न तपासता. हिनं तपासलं." विषय राहिला, आणि रुबीनाचं नावही राहिलं.

सरांनी स्वतःचा रेकॉर्ड दुरुस्त केला. त्यावरून उचललेली नावं मात्र अजून तशीच आहेत, ती कोण बदलत बसणार? म्हणून आता कोणी नवं प्रोटीन घेऊन आलं की मी आधी एवढंच विचारते: ज्यानं हे नाव ठेवलं, त्यानं याला कधी खायला घालून बघितलं होतं का?