फाटक्या आवाजाची निर्माती

मोहाडीच्या आमच्या दुकानात माणसं रेडिओ घेऊन यायची आणि एकच रड सांगायची, "आवाज फाटून राहिला जी, पाहा बरं जरा." बाबुजींचा, माझ्या वडिलांचा, जन्म फाटलेले आवाज सांधण्यात गेला. त्यांची नजर अधू झाली तसं ते काम माझ्याकडे आलं. आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, मी तेवीसची असताना, चार गडी दुकानात येऊन म्हणाले, "आमाले आवाज फाडून पायजे."

गाणारा आणि दोघे गिटारवाले वरठीच्या पोलाद कारखान्यात कामाला होते. चौथा ड्रम वाजवायचा. तो करडीचा, धानाची शेती करणारा. कारखान्यातल्या एका इंजिनियरनं त्यांना हेवी मेटलच्या दोन कॅसेटी दिल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांना तसलीच कॅसेट काढायची होती, आपल्या गाण्यांची, आपल्या बोलीत.

मी दोन्ही कॅसेटी ठेवून घेतल्या आणि आठवडाभर ऐकल्या. बँड तोच, वाजवणारे तेच. पण एकीत ड्रम डबडं बडवल्यागत, आणि दुसरीत थेट छातीवर. असं का? कव्हरं भिंगाखाली धरली तेव्हा सापडलं. सगळी नावं सारखी, फक्त तळाशी बारीक अक्षरातलं एक नाव वेगळं. प्रोड्यूसरचं.

"प्रोड्यूसर म्हंजे पैसे लावणारा," गाणारा म्हणाला. "सिनेमात असते तसा."

"डोंबल तुझं! पैशानं ड्रम असा वाजते काय? काय ऐकू येईल अन् काय नाई, हे तो ठरवते. तुमच्या कॅसेटीत ते मी ठरवीन."

चौघंही खो खो हसले. हसू दे म्हटलं. माझ्याकडच्यासारखं रेकॉर्डिंगचं मशीन तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

मी जुन्या रेडिओचा स्पीकर काढला, त्याच्या कागदाला ब्लेडनं तीन चिरा दिल्या आणि गिटार त्यात जोडली. असा खरखरीत, रागीट आवाज निघाला की बाबुजी आतून धावत आले. "अवो, चांगल्या स्पीकरचं वाटोळं काहून केलं?" मी म्हटलं, "बाबुजी, हेच मागून राहिले ते." ते कपाळावर हात मारून गेले.

तालमी उन्हाळ्यात करडीला झाल्या, ड्रमवाल्याच्या काकाच्या गोदामात. वर टिनाचे पत्रे, खाली फरशी, आत एक पोतंही नाही. ड्रमवर एक ठोका टाकला की सगळं गोदाम बोलायचं. इथंच रेकॉर्डिंग करायचं ठरलं. पण पाऊस लागला, रोवणी आली, मग कापणी. ड्रमवाल्याला डोकं खाजवायला फुरसत नाही. अखेर मळणी होऊन, धान चुरून झाल्यावरचा दिवस धरला. आता तो मोकळा होता. धान चुरून झालं म्हणजे ते जाणार कुठं, हा विचार आम्हा पाचांपैकी एकाच्याही टाळक्यात आला नाही. आणि आम्ही सगळे धानाच्या मुलखातले!

गोदामात जिकडेतिकडे छातीएवढ्या पोत्यांच्या थप्प्या. दाराजवळच्या मोकळ्या जागेत कसंबसं सामान मांडलं, वाजवलं, ऐकलं. मेलेला आवाज. गोधडीखाली वाजवल्यासारखा.

"मशीन खराब आहे," एक गिटारवाला म्हणाला. गाणारा पुटपुटला, "बाईमाणसाच्या हाती देल्लं, अजून काय होणार?"

माझं टाळकंच सरकलं. मी जागोजागी उभी राहून टाळ्या वाजवल्या. पोत्यांजवळ टाळी तिथल्या तिथं मरत होती, उघड्या भिंतीजवळ खणखणत होती. मशीन ठीक होतं. आवाज धान खात होतं.

"पोते काढा."

"किती?"

"मी थांबा म्हणेन तोपर्यंत."

काका कमरेवर हात ठेवून आडवे आले. "माझं धान बाहेर ठेवाल तर तंगड्या तोडीन." मग बाहेर न नेता आतल्या आत हलवायचं ठरलं. मागचा अर्धा भाग रिकामा, पुढं आढ्यापर्यंत पोत्यांची भिंत, मधून जायपुरता बोळ, आणि गिटारच्या स्पीकरभोवती वेगळं कुंपण, म्हणजे तो आवाज ड्रमच्या माइकात घुसणार नाही. चौघं सकाळभर पोती वाहत होते आणि मी स्टुलावर बसून बोट दाखवत होते. गाणारा घामानं निथळत म्हणाला, "तू काय आमची मुकादम हायेस काय वो?"

"हो. ते पोतं डावीकडं."

मग रेकॉर्डिंग. एक गाणं आठ वेळा घेतलं. आठव्या वेळी गाणाऱ्यानं डोळे मिटून आळवून आळवून गायलं आणि स्वतःवरच खूश होऊन माइक खाली ठेवला. "झालं!" मी ऐकलं. त्यात गोडवा होता, राग नव्हता. त्याच्या समोर मी टेप मागं नेली आणि ते गाणं पुसून टाकलं.

तो असा काही भडकला की ड्रमवाल्यानं त्याला कवेत धरलं. "माझं गाणं पुसलं! तू कोण पुसणारी?"

"गा आता. हाच राग घालून गा."

गायला. काय गायला! त्या नवव्या वेळचं आठवलं की आजही अंगावर काटा येतो. शेवटचा ठोका मागच्या भिंतीवर जाऊन परत आला तेव्हा काकासुद्धा दारात कान देऊन उभे होते.

महिन्याभरानं चौघं कॅसेटवर लावायचे कागद छापून घेऊन आले. त्यांच्या चार नावांखाली काहीच नव्हतं.

"माझं कुठं?" मी विचारलं.

गाणारा बाबुजींच्या खुर्चीकडं बघत बोलला. "लोक काय म्हणतील वो? बाई प्रोड्यूसर! हासतील आमाले. तुले तर आमी मानतोच ना."

ड्रमवाला मान खाली घालून उभा होता. मी मास्टर कॅसेट, जिच्यावरून कॉप्या निघणार होत्या ती, मशीनमध्ये घातली, रेकॉर्डच्या बटणावर बोट ठेवलं. "लिहितो का पुसू?"

"पुस," तो म्हणाला. त्याला पक्कं कळलं होतं की मी पुसणार नाही. नाहीच पुसलं. माझ्या हातानं उभं केलेलं ते गाणं, माझ्याच हातानं कसं मारू? बोट काढलं. त्यांना वाटलं, मिटलं.

मी म्हटलं, "कॉप्या चार दिवसांनी न्या."

चार दिवसांनी आले. पन्नास कॅसेटी टेबलावर, त्यांच्याच कागदांसकट, नीट रचलेल्या. गाणाऱ्यानं एक उघडली आणि तोंड पाडलं. कॅसेटच्या प्लास्टिकवर सोल्डरिंगच्या तापल्या टोकानं माझं नाव कोरलेलं होतं, आणि खाली 'निर्माती'. पन्नासच्या पन्नासांवर.

"हे काय करून ठेवलं? हे तर पुसताबी येत नाई!"

"म्हणूनच," मी म्हटलं, आणि त्याच्या हातातली कॅसेट मशीनमध्ये घालून आवाज मोठा केला.