बाटली भरलेलीच परत यायची

"डावी किडनी काढावी लागेल," असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझी सून रेखा मोबाइलवर ड्युटीचा तक्ता बघत होती.

"सोमवारपर्यंत होईल का सर? सोमवारी मला नांदेडची गाडी हाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ताई, मी काय बोललो ते कळलं का तुम्हाला?"

मला तरी कुठं कळलं होतं? हायड्रोनेफ्रोसिस म्हणाले. म्हणजे खड्यानं लघवीची वाट अडते, ती मागं तुंबते आणि किडनी फुगून निकामी होते.

बायांनो, हे एका दिवसात झालं नाही. रेखा अहमदपूर-नांदेड गाडीवर कंडक्टर. आधी कंबर दुखायची. उभं राहून दुखत असेल म्हणून मी तेल चोळलं. मग थंडी वाजून ताप. गोळी खाऊन ती ड्युटीवर. रजा मागणं तिला जमायचंच नाही, वर दुसऱ्याची ड्युटी हसत घ्यायची. कामही लई आवडायचं. "आई, मी घंटी दिली की एवढं मोठं धूड हलतं," म्हणायची.

"दिवसाला पाणी किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं. उत्तर माझ्याकडं होतं. रोज सकाळी मी तिची बाटली भरून द्यायचे आणि ती भरलेलीच परत यायची. ते पाणी मी कढीपत्त्याला घालायचे. चार वर्षं घातलं. स्टँडवर पीत असेल, असं मीच ठरवून टाकलेलं.

"प्यायलं की जावं लागतं सर," रेखा हळूच म्हणाली. "प्रत्येक स्टँडवर दहा मिनिटं मोडतात, गाडी उशिरा पोचते. घरी जाईस्तोवर पोरगी झोपते."

पोरगी म्हणजे माझी नात परी, सहा वर्षांची. तिचा बाप, माझा मुलगा, किनवटला मास्तर. शनिवारी येतो. दवाखान्यात आला तेव्हा तिला म्हणाला, "मला सांगायचंस ना."

"तुम्ही शनिवारचे. तुम्हाला काय काय सांगू?"

पाच दिवस तपासण्या. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर न टाकलेली रक्तातली घाण, वाढलेलं. उजवी किडनीही थकलेली. आम्ही बाकड्यावर बसून. मग ऑपरेशन.

"उजवी सांभाळा," डॉक्टर म्हणाले. "नोकरी करा, पण दर दोन तासांनी पाणी आणि लघवी. नाहीतर डायलिसिस." म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं.

चार महिन्यांनी ती कामावर गेली. डेपोत टेबलाचं काम देत होते, तिनं गाडीच मागितली. पहिल्या दिवशी मुलगा परीजवळ थांबला आणि मी गाडीत बसले. लोह्याला ती दारात घुटमळली. मग ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, दहा मिनिटं थांबा."

मागून एकजण म्हणाला, "कंडक्टरबाई फिरायला आल्या वाटतं."

मी उठणार तेवढ्यात तीच बोलली, "किडनी एकच राहिली मामा. बसा जरा." आणि उतरली.

घरी पोचलो तर परी झोपलेली. रेखा उशाशी बसली, उठवलं नाही. सकाळी ती निघते तेव्हाही लेकरू झोपेतच असतं. आता परीला आई सुट्टीच्या दिवशीच दिसते. पण दिसते. तेवढ्यासाठी मी त्या डॉक्टरांना मनातून हात जोडते.