न केलेल्या त्यागाचा सत्कार

माझ्या सासरच्या बैठकीत कोण 'घरचा' आणि कोण 'बाहेरचा' हे ठरवायची एक तऱ्हा होती. ती आठवली की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, भाचा नागपूरला राहायचा. दारव्ह्याला यायचा तो दिवाळीला आणि हुरडा खायला, आणि आपलं शेत कुठं सुरू होतं हे त्याला गाडीवानाला विचारावं लागायचं. तो घरचा. नाल्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातला एक शेतकरी होता, त्याच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, आमच्या धुऱ्याला लागून, त्याच्या आजानं आमच्या आजेसासऱ्यांचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून बाजारात नेलेला. तो बाहेरचा.

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्याच सुमाराला मी उमरखेडहून लग्न होऊन या घरात आले. मामाजी तालुक्यात पक्षाचे पुढारी. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत एक खिडकी होती. तिच्यातून चहाच्या कपबश्या बाहेर जायच्या आणि तालुक्याचं राजकारण आत यायचं. सासूबाईंचा सल्ला होता की कानानं ऐकावं आणि हातानं साखर ढवळावी. ऐकणं मला जमलं. गप्प बसणं काही जमलं नाही, आणि त्यापायी मी बोलणीही पुष्कळ खाल्ली.

तांड्यातला तो माणूस आमच्याकडे यायचा तो एकाच कामासाठी. त्याच्या तांड्यासमोरचा नाला पावसाळ्यात भरला की पलीकडची सगळी वस्ती तुटायची. एका श्रावणात त्याची बायको अडली. तिला गाडीत घालून दवाखान्यात आणताना गाडी नाल्याच्या काठावर थांबली ती थांबलीच. पाणी ओसरायची वाट बघत त्या बाईनं दिवसभर गाडीतच कळा सोसल्या. ती वाचली, मूल गेलं. तेव्हापासून त्याची एकच मागणी होती, नाल्यावर रपटा बांधा. रपटा म्हणजे काही मोठा पूल नव्हे, वरून पाणी गेलं तरी वाहून न जाणारा दगड-सिमेंटचा ठेंगणा रस्ता. मामाजी दर वेळी 'बघतो' म्हणायचे, आणि हो, बघायचे मात्र, खिडकीतून चहा आला की नाही ते. तो रपटा माझे केस पांढरे होईपर्यंत झाला नाही.

त्याच्याबरोबर कधीकधी त्याची बायको यायची. हातभर हस्तिदंती बांगड्या, आरसे लावलेली काचोळी, आणि बोलणं अगदी मोजकं. पुरुष बैठकीत बसले की ती माझ्याजवळ चुलीपाशी बसायची. त्या मुलाबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली, तेही ज्वारीचं पीठ चाळता चाळता. मुलगी होती, एवढंच तिनं सांगितलं.

पुढं जिल्हा परिषदा नव्यानं निघाल्या आणि निवडणूक आली. हा माणूस बैठकीत आला आणि म्हणाला की मागून मागून थकलो, आता जिथं ठरवतात तिथंच जाऊन बसतो, मला तिकीट द्या. मामाजी हसले. वकीलसाहेब, जे मामाजींच्या उजव्या हाताला बसत, ते तर ठसका लागेपर्यंत हसले. पण महिन्याभरात हसू मावळलं. गडी पायी पायी सगळे तांडे फिरला होता. नुसते तांडेच नाहीत, नाल्याकाठची कुणब्यांची गावंही त्याच्यामागं उभी राहिली, कारण त्यांच्याही कापसाच्या गाड्या त्याच चिखलात रुतायच्या. तोवर मामाजी त्याला 'अरे लेका' म्हणायचे. आता 'या भाऊ, बसा भाऊ' सुरू झालं. आमच्या घरात कुणाला अचानक मान मिळायला लागला की मला धास्तीच वाटायची.

वकीलसाहेबांकडे हरकतींची कमी नव्हती. त्याला सभेत बोलता येत नाही. (तिकिटासाठी यांच्या मनात असलेल्या भाच्याला येत होतं. तो बोलायला उभा राहिला की म्हशीसुद्धा बसून घ्यायच्या.) त्याच्याकडे गाडी नाही. त्याची निष्ठा पारखलेली नाही. निष्ठा हा त्या बैठकीचा आवडता शब्द. त्याचा अर्थ इतकाच की लोडाला टेकून बसलेला माणूस बोलला की सतरंजीवरच्यानं मान हलवायची. आणि सगळ्यांत वरताण हरकत अशी, की तांड्यांची मतं तर वर्षानुवर्षं आपलीच आहेत, मग उमेदवार त्यांचा कशाला? मत त्यांचं चालत होतं. माणूस चालत नव्हता.

मामाजी मात्र खोटं बोलले नाहीत, निदान त्या बंद दाराआड तरी नाही. मी खिडकीशी चहा घेऊन उभी होते. ते वकीलसाहेबांना म्हणाले, "तो पडीन याची मले भीती नाही. तो आपल्याबिगर निवडून येईन याची हाय. मंग उद्या या बैठकीत कोण कायले येईन?"

इतका स्वच्छ हिशोब मी त्यानंतर कुणाच्या तोंडून ऐकला नाही. जातीचं, शिक्षणाचं, भाषणाचं सगळं वरवरचं होतं. माणसानं आपल्या दारात चपला काढून ताटकळत बसावं, आणि मिळालं तर आपल्या हातून मिळावं, हीच यांची खरी इस्टेट. ती जाऊ नये म्हणून नाल्यात आणखी चार पोरं गेली तरी चालणार होती. मी त्या रात्री नवऱ्याला हे बोलून दाखवलं. त्यांनी कुशीवर वळून मला सांगितलं की बायकांनी यात पडू नये. त्यांचं घोरणं सुरू झालं तरी मी आपली धुमसत होते.

त्या माणसाला मात्र उलटंच सांगण्यात आलं. तुमचं नाव वर गेलंय, पक्षाचा कागद यायचाय, तोवर अपक्ष म्हणून अर्ज भरू नका, भरलात तर पक्षाशी बेइमानी होईल. त्यानं विश्वास ठेवला. ज्या घरात चहा पाजून शब्द दिला जातो तिथं शंका घ्यायची नसते, अशी त्याच्याकडची रीत होती. आमच्याकडेही असावी असं त्याला वाटलं.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी मामाजींनी मला ओवाळणीचं ताट करायला सांगितलं. तांड्यातल्या भाऊंचा सत्कार आहे, त्यांच्या बायकोची ओटीही भर म्हणाले. सत्कार उरकला की वाजतगाजत तहसीलीत जाऊन अर्ज भरायचा, असं त्या माणसाला कळवलं होतं. मला वाटलं देव पावला. मी तूप सढळ हातानं घालून शिरा केला. अंगणात मांडव पडला. बाहेर रस्त्यावर तांड्यांतली माणसं नगारा आणि थाळ्या घेऊन गोळा झाली. त्याची बायको नवी ओढणी घेऊन ओसरीवर माझ्याशेजारी बसली. मी तिची ओटी भरली. भाचा कुठं दिसत नव्हता, पण तो न दिसणं हे मला सुखाचंच होतं.

भाषणं सुरू झाली आणि संपेनात. तहसीलीत तीनला अर्ज घेणं बंद होणार होतं. तीन वाजून गेल्यावर वकीलसाहेब उठले. पक्षाच्या एकीसाठी आमच्या या थोर मनाच्या बांधवानं उमेदवारीचा त्याग केला आणि माघार घेतली, म्हणून हा सत्कार, असं ते म्हणाले. ते म्हणेपर्यंत मामाजींनी त्याच्या खांद्यांवर शाल टाकलीसुद्धा आणि ओंजळीत नारळ दिला. तो बोलायला उठला. "मी तं" एवढंच मला ऐकू आलं, पुढचं टाळ्यांत आणि जयजयकारात बुडालं. आमच्याकडे नारळ घेतला म्हणजे शब्द दिला. सोयरीक अशीच पक्की होते. तो नारळ खाली टाकणं त्याच्यासारख्या माणसाच्या हातून होण्यासारखं नव्हतं, आणि हे त्या चोरांना पक्कं ठाऊक होतं. होय, चोर. मी त्यांच्या घरचं अन्न खाल्लं, तरी दुसरा शब्द मला सापडत नाही. भाचा तिकडे पक्षाचा कागद लावून अर्ज भरून मोकळा झाला होता.

रस्त्यावरच्या माणसांना भाषण ऐकू गेलं नाही. त्यांना लांबून दिसली ती शाल आणि नारळ. त्यांनी नगाऱ्यावर टिपरू मारलं. बायकांनी फेर धरला, म्हातारे हात वर करून नाचू लागले. वकीलसाहेबांनी मान वळवून बघितलं आणि तांडाही राजी आहे असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले.

ओसरीवर तिनं माझ्या हाताला हात लावला. वकीलसाहेबांची पुस्तकी भाषा तिला कळली नव्हती, तिचा चेहरा उजळला होता. "बाई, भेटलं न तिकीट?"

मी म्हटलं, "नाही. भाच्याले भेटलं."

"मंग हे शाल-नारळ?"

"त्यांनी माघार घेतली म्हणून."

"कोणं घेतली?" तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो मांडवात नारळ धरून तसाच उभा होता. मग तिनं रस्त्याकडे बघितलं. "मंग आमचे लोक कायले नाचून राह्यले?"

ती उठली, आणि त्यांना थांबवायला एकटीच रस्त्यावर गेली.