इंग्रजी शिसारी

पृथ्वीवरच्या झाडून सगळ्या वस्तूंचा, माणसांचा आणि हवामानांचा माझ्या सासऱ्यांना तिटकारा होता, पण तो फक्त इंग्रजीतून. मराठीत ते 'बरं', 'असू दे', 'जेवून जा' एवढंच बोलत, आणि तेही हळू. नाक मुरडायची वेळ आली की मात्र अलोऱ्याच्या वसाहतीत त्यांचं इंग्रजी असं काही धडाडायचं की शेजारच्या कोंबड्या कुंपणाखालून पळत. गृहस्थ सातवी शिकलेले. धरणाच्या कामावर स्टोअरमध्ये लागले ते एका तापट साहेबाच्या हाताखाली, आणि साहेब दिवसभर जे ओरडे ते यांनी कानांनी वेचून ठेवलं. आता तो साहेब जन्मात कुणाला 'वा, छान' म्हणालाच नाही, त्याला हे तरी काय करणार? साहेब बदलून गेला तेव्हा सासऱ्यांकडे पथेटिक, डिस्गस्टिंग, रिव्होल्टिंग, हॉरिबल असा भरगच्च साठा होता आणि कौतुकाला एकसुद्धा शब्द नव्हता.

साठा ते उधळत नसत हं, मोजूनमापून वापरत. दुधात पाणी असलं की 'पथेटिक'. एस.टी. उशिरा आली की 'डिस्गस्टिंग'. वेळेवर आली तर आत बसलेल्यांकडे बघून 'रिव्होल्टिंग'. 'अबॉमिनेबल' हा सणासुदीचा शब्द. तो शेजारच्या काकूंच्या काजूगरांच्या उसळीसाठी राखलेला. उसळ मात्र चाटूनपुसून संपायची, वाटी घासायची गरज उरत नसे.

असल्या माणसाचे हातपाय वसाहतीत शाबूत कसे राहिले म्हणाल, तर मुलीमुळे. पोरगी कळती झाल्यापासून बापाची दुभाषी. काकू विचारत, "काय गो, काय बोलले अण्णा?" की ही पापणी न हलवता सांगे, "मीठ अगदी बेताचं पडलंय म्हणतात." काकू खूश, आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा वाटी हजर. अशा रीतीने माझ्या सासऱ्यांची ख्याती झाली ती शिकलेला आणि भारी गुणग्राही माणूस म्हणून! लोकांच्या अज्ञानावर इतकी वर्षं कुणी इतकं सुखाने जेवलं नसेल.

मी चिपळूणच्या एका शाळेत इंग्रजीचा मास्तर. मुलगी बघायला गेलो तेव्हा माझे काका बरोबर होते. वडील गेल्यापासून आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. पोहे आले. सासऱ्यांनी माझा नवाकोरा सफारी वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि म्हणाले, "रिडिक्युलस!" काकांनी कान पुढे केला, "काय बोलले?" "कापड टिकाऊ दिसतंय म्हणतात," मुलगी म्हणाली, आणि तिची नजर माझ्यावर पडली. मला सगळं कळतंय हे तिला कळलं. कानांपर्यंत लाल झाली बिचारी, पण डोळे हसत होते. मी तिथल्या तिथे ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशी, नाहीतर हा जन्म शाळेलाच वाहिला.

पण काका म्हणजे काका. "पोरीचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मला बापाच्या तोंडून ऐकायचंय. बोला पावणे, मुलगा पसंत काय? मग साखर वाटू." नुसतं 'हो' म्हणायचं होतं हो! पण समोर इंग्रजीचा मास्तर जावई व्हायला बसलेला; त्याच्यापुढे मराठी बोलून स्वतःची शोभा कशी करून घ्यायची? सासऱ्यांनी घाम पुसला. मुलीकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हॉरिबल!" ते म्हणाले.

इंग्रजीतला नेमका हाच शब्द काकांना येत होता. मुंबईत दहा वर्षं काढली होती त्यांनी. ते उठले, टोपी डोक्यावर बसवली आणि म्हणाले, "चल रे." आता ही काहीतरी सांगेल, सावरून घेईल, म्हणून मी मुलीकडे बघत राहिलो. पण तिने बापाच्या डोळ्यातलं पाणी पाहिलेलं. ती पदराने स्वतःचेच डोळे टिपत होती. काका उंबऱ्यापर्यंत पोचले. माझा संसार सुरू व्हायच्या आधीच मोडला, असं मला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात सासरे धावले आणि त्यांनी काकांचा हात धरला. "अहो, मुलगा न्हाय हो हॉरिबल! मुलगा सोन्यासारखा आहे. पोरगी जायची म्हटल्यावर माझ्याच पोटात कसंतरीच होतंय. साहेबाच्या पोटात तसं झालं की तो हेच बोलायचा."

काकांनी टोपी काढली. "मग तसं मराठीत सांगा की, भल्या माणसा! कसंतरी व्हायचंच. माझ्या तीन मुली सासरी गेल्या, मला तीनदा झालंय." आणि दोघे म्हातारे एकमेकांचे हात धरून उंबऱ्यातच उभे राहिले. साखर आणायला कुणीच हलेना, शेवटी मीच उठलो.

लग्न होऊन निघताना हिने अण्णांच्या गळ्यात पडून सांगितलं, "आता मी न्हाय हं इथे सांगायला. लोकांशी मराठीतच बोलत जा." आम्ही सगळे हसलो. त्यांनी मात्र ते मनावर घेतलं. तेव्हापासून दूध कसलंही येवो, एस.टी. कधीही येवो, त्यांचं आपलं 'बरं' आणि 'असू दे'. शेजारच्या काकूंना म्हणे वाटतं, अण्णांच्या तोंडाची चव गेली.

गेल्या मे महिन्यात आम्ही गेलो होतो. हिने मुद्दाम बिनसाखरेचा, उकळून उकळून कडूजहर केलेला चहा त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसून एखाद्या 'पथेटिक'ची वाट बघत राहिली. अण्णांनी एक घोट घेतला, थांबले, ओठ हलल्यासारखे झाले. मग सगळा कप सावकाश संपवला आणि म्हणाले, "बरा झालाय हो." ही कप घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.