प्लेऑफची शक्यता

बेसबॉलची बॅट मी आजवर हातात धरलेली नाही. तरीही गेली दोन वर्षं अमेरिकेतल्या एका शहराच्या संघाबद्दल तिथली माणसं जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं मी श्रीवर्धनजवळच्या आमच्या घरात बसून देते. यंदा आपण प्लेऑफला, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांना, पोचू का? चांगला चालणारा पिचर, म्हणजे गोलंदाज, दुसऱ्या संघाला का देऊन टाकला? त्याच्या बदल्यात आलेला पोरगा काही कामाचा आहे का? वेबसाइटवर उत्तरांखाली माझं नाव नसतं. तिथे टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्या पत्रकाराचं चित्र आणि बनावट नाव असतं. वाचकांना वाटतं, हा गृहस्थ चाळीस वर्षं त्याच मैदानात शेंगा खात बसलाय.

त्याआधी मी न्हावा शेव्याला एका मालवाहतूक कंपनीत कंटेनरच्या कागदपत्रांचं काम करत होते. मग बाबांना पक्षाघात झाला. त्यांची उजवी बाजू गेली. आई आधीच गेलेली, भाऊ कतारला. तो फोनवर म्हणाला, "तू जाऊन राहा ना थोडे दिवस." ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत.

हे काम एका जुन्या मैत्रिणीकडून कळलं. तीन आठवडे व्हिडिओ बघून मी खेळ शिकले आणि कंपनीची परीक्षा पास झाले. तिकडे संध्याकाळी सामने होतात, तेव्हा आपल्याकडे उजाडत असतं. त्यामुळे सकाळचा चहा होईपर्यंत प्रश्नांचा ढीग पडलेला असतो. आमच्या घरात मोबाइलची रेंज एकाच जागी धड मिळते, बाबांच्या खाटेशेजारच्या खिडकीत. म्हणून माझं टेबलही तिथेच. बाबांनी कूस बदलली की माझी खुर्ची हलायची, एवढी ती जागा.

कामाचा मुख्य नियम एकच होता. 'नाही' म्हणायचं नाही. संघ कितीही मागे पडलेला असो, कुठूनतरी आशेचा धागा काढून दाखवायचा, म्हणजे वाचक दुसऱ्या दिवशी परत येतो. आमची प्रमुख नवी मुंबईत बसते, माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "यार, फॅनला सच नको असतं, चान्स हवा असतो."

बाबा तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. पडून पडून कंटाळायचे, मग विचारायचे, "काय म्हणतायत आज तुझे लोक?" मी प्रश्न मराठीत वाचून दाखवायची. हळूहळू त्यांना खेळ कळायला लागला. एकदा ट्रेडचं, म्हणजे दोन संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीचं, मी त्यांना समजावून सांगत होते.

"खेळाडूला विचारतात का, जातोस का म्हणून?"

"नाही बाबा. बहुतेकांना नुसता फोन येतो. दुसऱ्या दिवशी बॅग भरून हजर."

"म्हणजे आमच्या बदलीसारखंच की. आम्हाला निदान सामान हलवायला सवड द्यायचे."

मागच्या वर्षी उन्हाळा संपता संपता जुन्या ऑफिसातून विचारणा आली होती. जागा रिकामी नव्हती, पण होईल असं म्हणाले. जुलै संपताना खरंच बोलावणं आलं, दुपारी दोनला मुलाखत. बाबांना मी सांगितलं की बँकेच्या कामाला अलिबागला चाललेय. शेजारच्या खाला दिवसभर त्यांच्याजवळ बसायला तयार झाल्या. त्यांचे दोन्ही मुलगे आखातात, घरात एकट्याच. म्हणाल्या, "जा बेटी, बिनघोर जा. मी हाय ना."

दिघीच्या जेट्टीवर पोचले तेव्हा पावणेआठ झाले होते. फेरीबोट खाडीपलीकडच्या आगरदांड्याहून निघालेली दिसत होती. तेवढ्यात प्रमुखाचा फोन आला.

"कुठे आहेस? ट्रेड झालाय. आपला शॉर्टस्टॉप देऊन टाकला. पब्लिक वेडं झालंय, प्रश्नांचा पूर आलाय. दुपारपर्यंत सगळी उत्तरं पाहिजेत."

"आज माझी सुट्टी आहे. मी सांगितलं होतं."

"आजच्या दिवशी कोण सुट्टी घेतं? तू नाही केलंस तर मला दुसरं कुणीतरी कायमचं बघावं लागेल. प्लीज समज ना."

लॅपटॉप पिशवीत होता. तो सोबत का घेतला होता, हे मी नंतर स्वतःला बरेचदा विचारलं. खाडीच्या मध्यावर रेंज जाते, म्हणून मी ठरवलं, तासभर इथेच बसून करू आणि पुढची फेरी पकडू. तिकिटाच्या खिडकीशेजारच्या बाकावर बसले.

आधी ट्रेडचा व्हिडिओ बघितला. सामना चालू असतानाच त्या शॉर्टस्टॉपला, म्हणजे मधल्या जागेवरच्या क्षेत्ररक्षकाला, बाहेर बोलावलं होतं. तो बाकावरच्या प्रत्येकाला मिठी मारत होता, डोळे पुसत होता, मग पायऱ्या उतरून आत गेला. समालोचकाचा आवाज भरून आला होता. प्रश्नांमध्येही लोक रडत होते. त्याला कसं वाटलं असेल? बायकोला सांगायला तरी वेळ दिला का? मला मात्र त्याची दया आली नाही. मला हेवा वाटला. कुणीतरी त्याला उचलून दुसरीकडे नेऊन ठेवलं होतं, आणि त्यासाठी त्याला स्वतः काहीही ठरवावं लागलं नव्हतं.

फेरी आली, गाड्या उतरल्या, गाड्या चढल्या, फेरी गेली. पुन्हा आली. तिकीटवाल्याने दोनदा विचारलं, "ताई, जायचं न्हाय काय?" मी म्हटलं, पुढच्या फेरीने. साडेबारा वाजता शेवटचं उत्तर पाठवलं तेव्हा दोनला न्हावा शेव्याला पोचणं शक्यच नव्हतं. मी ऑफिसला फोन करून काहीतरी कारण सांगितलं आणि परतीची एसटी पकडली.

घरी आले तर खाला बाबांना पेज भरवत होत्या. माझ्या तोंडाकडे बघून काही न विचारता निघून गेल्या. मी बाबांचा उजवा हात मांडीवर घेऊन रोजच्यासारखी बोटं चोळायला लागले.

बाबा म्हणाले, "हा हात परत येणार का गं?"

"शक्यता आहे ना, बाबा. व्यायाम नेमाने झाला, पुढचे सहा महिने नीट गेले, तर—"

"हे त्यांना लिही. मला खरं सांग."

माझे हात थांबले. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी सांगितलं, "येणार नाही."

"दीड वर्ष रोज चोळतेयस," ते म्हणाले. आणि मग, "आज कुठे गेली होतीस?"

तेही सांगितलं.

"जायचं होतं तर सरळ सांगायचं. मी जा म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"म्हणजे?"

"तुम्ही जा म्हणाला असता तर मला जावं लागलं असतं."

हे माझ्या तोंडून निघेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. बाबांनी मान भिंतीकडे वळवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मधे मी त्यांचं सगळं केलं, अंग पुसलं, जेवण भरवलं, आणि त्यांच्या खाटेपासून हातभर अंतरावर बसून प्लेऑफच्या शक्यता लिहीत राहिले.

सप्टेंबरात एका वाचकाने एका ओळीत विचारलं, खरं सांगा, काही उरलंय का? मी लिहिलं, नाही, यंदा संपलं. तासाभरात ते उत्तर काढून टाकलं गेलं आणि त्या जागी आशेच्या चार ओळी आल्या. प्रमुखाचा फोन आला. ओरडली नाही. दमलेल्या आवाजात म्हणाली, "असं परत नको करूस. मलापण वरून ऐकावं लागतं." मला वाटलं होतं ती काढून टाकेल. अर्धवट मला तेच हवं होतं. पण तिने पुढच्या हंगामाचा करार पाठवला, आणि मी सही केली.

न्हावा शेव्याची जागा भरली गेली. त्यानंतर मी कुठेही अर्ज केलेला नाही. भाऊ दर शुक्रवारी फोन करतो आणि मी सगळं ठीक आहे म्हणते.

बाबांनी दिवाळीनंतर माझ्याकडून वही मागून घेतली. डाव्या हाताने अक्षरं काढतात, पहिलीतल्या मुलासारखी वाकडी. पान भरलं की खिडकीतून खालांना दाखवतात. हंगाम कधीच संपलाय, पण प्रश्न थांबत नाहीत. हिवाळाभर लोकांना पुढच्या वर्षीचंच पडलेलं असतं, कुणाला घेणार, कुणाला सोडणार. मी वाचून दाखवते. बाबा डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "लिही, पिचिंग सुधारल्याशिवाय काही खरं नाही." मी ते जरा मऊ करून इंग्रजीत लिहिते आणि पुढचा प्रश्न उघडते.