दाब आणि शिळं पाणी

पोलादी नळकांड्यात पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचं पातळ द्रावण भरायचं, हातपंपाने दाब चढवायचा आणि त्यातून वीज किती वाहते ते मीटरवर बघायचं, एवढंच माझं पीएच.डी.चं काम. दाब वाढला की आम्लाच्या लांब साखळ्या आपले हायड्रोजन आयन पाण्यात जास्त सोडतात, कारण त्या आयनांभोवती पाणी दाटीने बसतं आणि कमी जागेत मावतं. मग आकडा चढतो. माझा तर सुसाट चढत होता. मी हवेत होते.

मार्गदर्शक सरांनी आलेख बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नुसत्या पाण्यावर दाब देऊन बघितलंत?"

सर महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. हे मोजमाप फसलं, तर नव्या मार्गदर्शकाकडे पहिल्यापासून सुरुवात. मी नुसतं पाणी भरलं. आकडा तिथेही चढला. म्हणजे तो चढ सगळा माझ्या आम्लाचा नव्हता.

"मामा, हे डिस्टिल्ड वॉटर कधीचं?" मी प्रयोगशाळेच्या शिपायांना विचारलं.

"मागं नळ आलता तवाचं. पातेलीसुद्दा काठोकाठ भरून ठिवलीत की, मॅडम. पानी रोज कुटं येतंय हितं?"

मी भडकले, पण ओरडणार कुठल्या तोंडाने? घरी नळ आला की मी वाट्यासुद्धा भरून ठेवते. उघड्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरला होता, त्याचंही आम्ल झालं होतं आणि दाबाखाली तेही आयन सोडत होतं. माझ्या यशात त्याचा वाटा किती, देव जाणे.

ताजं डिस्टिल्ड वॉटर गाळायचं, तर वाफेची नळी गार ठेवायला नळ वाहता हवा. त्या दिवशी नळ कोरडा. "मी वततो की," म्हणत मामा बादलीतलं पाणी तांब्याने नळीवर ओतत राहिले. गाळलेलं पाणी मी उकळलं आणि घट्ट बंद करून निवू दिलं.

नुसत्या पाण्यावर आता आकडा जेमतेम हलला. मग द्रावण भरलं. पंपाचा दांडा रेटला. काहीच नाही. पुन्हा रेटला. सर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि मला त्यांचा श्वाससुद्धा नकोसा झाला होता. तिसऱ्यांदा सगळा भार टाकला, तेव्हा आकडा सरकला आणि हळूहळू चढत गेला. पहिल्याच्या निम्मासुद्धा नव्हता, पण तो माझ्या आम्लाचा होता.

मी दांडा न सोडताच घळाघळा रडायला लागले.

"रडा," सर म्हणाले, "पण दाब उतरू देऊ नका."