मथुराबाईंचा भारोभार नवस

मथुराबाई आमच्या वाघोलीच्या सोसायटीत राहतात. त्यांचा गोठा होता तिथे आता लिफ्ट आहे. आम्ही मूळचे पुण्याच्या पेठेतले, हट्टाचं आम्हाला कोणी शिकवू नये, पण ही बाई आमच्याही वरताण.

त्यांची सून शेफाली आयटीत. रात्रपाळ्या, बसून काम, वजन वाढलेलं, पाळी बेभरवशाची. लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नाही. कोथरूडच्या डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "चरबी नुसती साठून राहत नाही, तीही हार्मोन बनवते. ती फार झाली की ओव्हरीला चुकीचे निरोप जातात, बीज वेळेवर तयार होत नाही. थोडं वजन उतरवा, फरक पडेल." शेफाली रोज चालायला लागली.

झालं, मथुराबाई खवळल्या. त्यांनी भैरोबाला नवस बोलला होता, नातवंड दे, ह्या सुनेच्या भारोभार गूळ वाटीन. "ती वाळली तर गूळ कमी भरंल. देव म्हणंल, म्हातारी बोलून फिरली." मग त्या सुनेच्या भाकरीवर तूप ओतायला लागल्या. लाडवाचा डबा घेऊन तिच्यामागे नगर रोडपर्यंत धावल्या. आता बोला!

एका संध्याकाळी शेफाली जिन्यातच रडायला बसली. "अहो आई, मला बारीक व्हायची हौस नाही हो. मला मूल हवंय."

मथुराबाई तिच्याशेजारी टेकल्या. जरा विचार करून म्हणाल्या, "तू उतर. तुझं कमी पडंल ते मी भरते. घर एकच हाय."

आणि भरलं की! सुनेच्या वाट्याचं तूप, लाडू, सगळं अंगावर घेतलं. इकडे शेफालीची पाळी मार्गी लागली, पुढे दिवस राहिले. तेव्हाही डॉक्टरीणबाईंचा वजनावर डोळा होताच, जास्तीची चरबी गरोदरपणात साखर वाढवते म्हणून. शेफालीला मुलगी झाली, सगळं सुखरूप. साखर निघाली ती मथुराबाईंना.

देवळात तराजू बांधला. आम्ही सोसायटीतल्या बायकाही जमलो. एका पारड्यात शेफाली, मांडीवर पोर, शेजारी दाटीवाटीनं मथुराबाई. गूळ संपला तरी पारडं हलेना. सासरे गेनबा आणखी ढेपा आणायला पळाले. एकूण काय, भैरोबा फायद्यात राहिला.

प्रसाद वाटताना मथुराबाईंनी एक खडा उचलला. शेफालीनं तो हातातून काढून घेतला.

"आई, नात मोठी झालेली बघायचीय ना? मग राहू द्या."

मथुराबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं आणि हाताला चिकटलेला गूळ मुकाट्यानं माझ्या नव्या साडीला पुसला.